नॉट बिडी

सुरत, शनिवार, १४ जून २०२५, सकाळी ११.१०. वाचनालयात बसून, छापलेला कागद वहीत नीट ठेवून लिहितो आहे.

तीर्थरूप हेमराजदादा यांच्या पायांवर वाल्मिकचं डोकं.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी धाप कशी आहे? विहिरीपर्यंत चालवतं का?

तू रंगाच्या कारखान्यातून रजेवर गेलास तेव्हा मॅनेजर म्हणाला, "तेरा भाई बीडी से खाँसता है, रंग से नहीं." तू जन्मात बिडी ओढली नाहीस. त्या रागातच मी इथल्या कॉम्प्युटरवर डॉक्टरांचे लेख शोधायला बसलो. प्रत्येक स्पेलिंग तीनदा तपासून इंग्रजीत टाकलं: रंगाची पूड अँड दमा नॉट बिडी. कामाचं काहीच आलं नाही. मी काउंटरवर विचारायला गेलो.

ग्रंथपाल जागृतीबेन हसल्या. "अरे भाई, नॉट लावलंस म्हणजे बिडीचं नाव असलेला प्रत्येक लेख गेला. ज्यात बिडी न ओढणाऱ्यांना तपासलं, तोही गेला! भांडण मॅनेजरशी कर ने, कॉम्प्युटरशी कशाला? नॉट काढ, आणि दमा ऑर खोकला ऑर धाप टाक."

तिसऱ्याच लेखात तू सापडलास, दादा. तुझ्यासारखेच रंगाची पूड तोलणारे कामगार, बिडीला कधी न शिवलेले, तरी दमा.

सोमवारी या लेखाचा छापलेला कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार. कामावरून काढेल याची भीती आहे, पण ठेवणार. औषधाचा खर्च कारखान्याने द्यायचा आणि तुझ्यावरचा आळ सगळ्या खात्यासमोर मागे घ्यायचा.

हे आईला मोठ्याने वाचून दाखव. तुझे खिसे तपासणं तिने आता बंद करावं.

तुझा धाकटा,
वाल्मिक