झाडापाशी हजर, सभागृहात गैरहजर

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय.

विषय : पर्यावरण संवर्धनाच्या व्याख्यानांचे वाढीव गुण नाकारल्याबाबत.

संदर्भ : फलकावरील आपली सूचना, 'व्याख्यानांना हजर राहा, वाढीव गुण मिळवा'.

महोदय,

१. मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. रसायनशास्त्रात थोडक्यात हुकले आहे. सर्व जाहीर व्याख्यानांना बसल्यास ती उणीव भरून निघणार होती. न निघाल्यास आत्या मला तिच्या शिवणाच्या दुकानात काजे-बटणांना बसवणार आहे. आत्या बोलते ते करते.

२. मी सर्व व्याख्यानांना गेले. ऊर्जा बचतीवरच्या व्याख्यानाला तर वातानुकूलित सभागृह इतके गार होते की ते मफलर गुंडाळून ऐकले.

३. शेवटचे व्याख्यान होते 'झाड, आपला सोबती'. वक्ते अगदी रंगात आले असताना त्यांच्या मागच्या खिडकीतून ग्रंथालयाशेजारचे मोठे झाड हलताना दिसले. वारा नव्हता, म्हणून मी बाहेर जाऊन पाहिले. दोन माणसे फांद्या उतरवून बुंध्याला करवत लावण्याच्या बेतात होती. वक्त्यांची गाडी वळायला झाडाची अडचण होत होती. मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले.

"ताई, बाजूला व्हा. आम्हाला वरून सांगितलंय," त्यातला एक म्हणाला.

"वरून म्हणजे कुणी? कागद दाखवा," मी म्हटले.

कागद नव्हता. ते विचारायला गेले, तेव्हा 'हुकूम मी दिला' असे कुणीच कबूल करेना. शेवटी वैतागून ते करवत घेऊन निघून गेले. झाड एका बाजूने बोडके झाले आहे, पण उभे आहे.

४. तेवढ्यात आत हजेरी झाली आणि मी गैरहजर ठरले. पर्यावरण समितीचे सर म्हणाले, "झाड वाचवलंस, छानच केलंस. पण आपला उपक्रम व्याख्यान ऐकण्याचा आहे, झाडं वाचवण्याचा नाही." माझ्या शेजारचा विद्यार्थी स्वागतगीतापासून घोरत होता, त्याला पूर्ण गुण मिळाले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या झोपेने कुठल्या झाडाला इजा झालेली नाही.

५. कार्यालयातील लेखनिकांनी झाड वाचल्याचा पुरावा मागितला. मी खिडकीकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "उभं आहे, ते दिसतंय. पण ते तुमच्यामुळे उभं आहे, असं कुठं लिहिलंय?" त्यानंतर काल फलकावर वाचले की, महाविद्यालयाला 'वृक्षरक्षक संस्था' हा सन्मान जाहीर झाला असून त्यानिमित्त आपला सत्कार त्याच झाडाखाली होणार आहे. आपले मनःपूर्वक अभिनंदन.

६. तरी मला वाढीव गुण मिळावेत, ही विनंती. नियमात बसत नसेल तर आग्रह नाही. मी नापास राहीन. मात्र त्या व्याख्यानाच्या वेळी मी कुठे होते, तेवढे शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हस्ताक्षरात लिहावे आणि खाली सही करावी.

आपली, अजून तरी आज्ञाधारक,
(सही)
विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष

दिनांक : निकालाचा दुसरा दिवस