शेवटच्या बाकावरची उशी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा मनापासून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? दिवसभर वॉर्डात उभं राहून दुसऱ्यांच्या पाठीला तेल लावतेस, स्वतःच्या कमरेला कोण लावतं ते एकदा कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे आईला झोप नाही, आई झोपत नाही म्हणून ही झोपत नाही आणि ही झोपत नाही म्हणून मलाही झोपायची सोय नाही (झोप मला लागते गं, पण लागलेली दिसली की दुसऱ्या दिवशी चहा गार मिळतो). कारण एवढंच, की आईची उशी गेली. कोणती ते तुला सांगायला नको. बाबांनी स्वतः कापूस पिंजून भरलेली, वीतभर लांबीची, जिच्यावर गाल टेकल्याशिवाय आई आजवर कधी झोपलेली नाही, तीच. गेली म्हणजे हरवली नाही. कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ती जहाजाने तुझ्याकडे यायला निघाली आहे. पण हे ओघाने सांगतो, कारण चर्चने तुझ्या वॉर्डासाठी पाठवलेल्या खोक्यांचा सविस्तर वृत्तान्त तुला कळवावा, असं पाळकसाहेबांनी मला बजावलं आहे, आणि त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही.

तर तुझं पत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसांसाठी काय काय हवं ते तू इतकं स्वच्छ लिहिलं होतंस, की त्यावर चर्चेची गरजच नव्हती. म्हणून लगेच समिती नेमली. मऊ सुती कापड, वाकणाऱ्या नळ्या, तोंड ओलं करायचे कापसाचे बोळे, कातडीला लावायचं मलम, टाचा नि कोपरं टेकायला लहान लहान उशा. अध्यक्ष अर्थातच घंटाबाई (निवृत्त मुख्याध्यापिका, टेबलावरची घंटा निवृत्त झालेली नाही). त्यांचं म्हणणं पडलं, की नुसत्या गरजेच्या वस्तू पाठवणं रुक्ष दिसतं. मग प्रत्येकाच्या घरातलं प्रेम बाहेर यायला लागलं. एकाने हजार तुकडे जोडून चित्र करायचा खेळ आणला. मी म्हटलं, अहो, ते चित्र पुरं व्हायला आम्हा धडधाकट माणसांनाही हिवाळा लागतो. तर तो माणूस रुसला. छापखानेवाल्याने पुढच्या वर्षाची कॅलेंडरं दिली. ती काढून टाकावीत असं सगळ्यांचं मत पडलं, पण छापखानेवाला तिथेच बसलेला असल्यामुळे ठेवावीत असं ठरलं. संडेस्कूलच्या मुलांनी रंगीत कार्डं केली, सगळ्यांवर ‘लवकर बरे व्हा’. आता मुलांना काय सांगायचं नि कोणी सांगायचं, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी कार्डं तशीच गेली. तू ती वाचून कशी दाखवशील, ते तुझं तू बघ.

मला खोकी भरायचं काम मिळालं. मिळायलाच हवं होतं. जन्मभर गोदाम सांभाळलं मी, ताई. माझ्या हाताने भरलेलं खोकं कधी वाजलेलं नाही. खोकं वाजतं म्हणजे आत पोकळी आहे आणि पोकळी आहे म्हणजे वाटेत वस्तू एकमेकींच्या उरावर बसणार. इतर स्वयंसेवक मलमाच्या बाटल्या मुळ्यांच्या जुडीसारख्या टाकत होते (कंपाउंडरसुद्धा, ज्याने तरी बाटलीची किंमत ओळखायला हवी). मी प्रत्येकाचं खोकं रिकामं करून पुन्हा भरत होतो. त्यामुळे माझ्याबद्दल मंडळीत जे बोललं गेलं ते तुझ्या कानावर आलंच तर विश्वास ठेवू नकोस. कामाची चाड असलेला माणूस चार जणांत नकोसाच होतो.

आता उशीचं. बायका घरून लहान उशा शिवून आणायच्या, त्या कुठे ठेवायच्या यावर घोळ होऊ नये म्हणून घंटाबाईंनी नियम केला: चर्चमधल्या शेवटच्या बाकावर जे ठेवलेलं असेल ते दान समजावं. उत्तम नियम. फक्त आई गेली कित्येक वर्षं शेवटच्याच बाकावर बसते, हे त्या नियमाला माहीत नव्हतं. बाकाची पाठ टोचते म्हणून ती उशी पिशवीतून सोबत आणते, पाठीशी घेते, उपासना संपली की पुन्हा पिशवीत. त्या रविवारी उपासना संपल्यावर हिने आईला उन्हाला म्हणून बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. उशी मी घेईन असं हिला वाटलं. हिने घेतली असेल असं मला वाटलं. आमचं लग्न इतकी वर्षं याच पायावर उभं आहे. इकडे माझ्या शेवटच्या खोक्यात एका कोपऱ्यात पोकळी राहिली होती. काही केल्या भरेना. मी वळून बघतो तर शेवटच्या बाकावर, सगळ्या उशांपासून जरा बाजूला, नेमकी त्या मापाची एक उशी. तुला सांगतो, देवाने मापच घेऊन पाठवली असं वाटलं. मी ती बसवली. चपखल बसली. (त्याच आठवड्यात हिने तिला नवा निळा अभ्रा घातला होता. जुन्या अभ्र्यात असती तर मी झोपेतही ओळखली असती. तेव्हा चूक मुळात कुठे झाली ते तुझ्या लक्षात आलंच असेल.)

संध्याकाळी आई पिशवी चाचपायला लागली तेव्हा ती चपखल बसलेली उशी कोणाची ते मला कळलं. धावत चर्चमध्ये गेलो. तोवर खोक्यांना पट्ट्या मारून, दोरी बांधून, प्रत्येकावर हात ठेवून प्रार्थना झालेली. पाळकसाहेबांना म्हटलं, उघडू द्या. ते विचारात पडले. प्रार्थना झाली ती आतल्या सगळ्या वस्तूंसाठी झाली, त्यातली एक काढली तर बाकीच्यांचं काय, असा प्रश्न त्यांना पडला. वडीलमंडळींपैकी एक म्हणाले, पुन्हा प्रार्थना करू. दुसरे म्हणाले, मग एकाच खोक्यावर दोनदा नि बाकीच्यांवर एकदा, हे बरं दिसेल का? यात तासभर गेला. शेवटी परवानगी मिळाली, पण कोणतं खोकं ते मला सांगता येईना, कारण सगळी एका मापाची आणि ढीग रचताना त्यांची सरमिसळ झालेली. मग कंपाउंडरला युक्ती सुचली, की खोकी हलवून बघू, मऊ वस्तू असेल तिथे आवाज वेगळा येईल. आम्ही एकूण एक खोकं कानाशी धरून हलवलं. एकही वाजलं नाही. माझं काम ते. कंपाउंडर माझ्याकडे जे बघत होता ते मी विसरणार नाही. दोन उघडली, दोन्हीत नव्हती, आणि पहाटे ट्रक येऊन बाकीची घेऊन गेला.

तेव्हापासून घरात उशाच उशा झाल्या आहेत. बातमी पसरल्यावर ज्याने त्याने आईसाठी उशी पाठवली. घंटाबाईंनी स्वतःच्या हाताने शिवली, पाळकसाहेबांच्या घरून पिसांची आली, रुसलेल्या माणसानेसुद्धा रुसवा बाजूला ठेवून एक आणून दिली. आई प्रत्येक उशीवरून तळहात फिरवते, “ही नाही,” म्हणते आणि आलेल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ती शेजारी नीट ठेवते. मला ती कधी बाबा समजते, कधी दूधवाला. सकाळचं दुपारी तिला आठवत नाही. पण उशी तिला आठवते. भिंतीला टेकून बसून राहते, गालाखाली स्वतःचाच हात घेऊन. ताई, मला बघवत नाही गं. कुठल्या कोण माणसाची टाच दुखू नये म्हणून मी एवढा जीव टाकला आणि घरात आईला गाल टेकायला जागा ठेवली नाही.

असो. पाळकसाहेबांना हवा होता तो वृत्तान्त वर आला आहे. तुझ्या सोबतच्या नर्सबाईंना नमस्कार सांग, आजाऱ्यांना जे सांगण्यासारखं असेल ते सांग, आणि जेवत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं. खोकी पोचली की सगळ्यात आधी निळ्या अभ्र्याची लहान उशी शोध आणि मिळेल त्या वाटेने परत पाठव. खोक्यात पोकळी झाली तरी चालेल.

ता. क. २. हिने पत्र वाचलं. निळा अभ्रा दुकानात मीच पसंत केला होता, असं हिचं म्हणणं आहे. तुला खरं काय ते कळावं म्हणून लिहिलं.

ता. क. ३. पत्र टाकायला निघालो तर पोस्टमन दारात, तुझं पत्र घेऊन. खोकी पोचली, एकही बाटली फुटली नाही, वाचून बरं वाटलं (कंपाउंडरला दाखवणार आहे). पण पुढचं वाचलं आणि पायरीवरच बसलो. तुझ्याकडचा तो म्हातारा, जहाजावर सुतार होता तो, कुठल्याच उशीवर कान टेकवता येत नव्हता त्याला, आणि एका खोक्यातली निळ्या अभ्र्याची लहानशी वापरलेली उशी त्याने जी धरली ती आता धुवायलासुद्धा देत नाही. आल्यापासून पहिल्यांदाच झोपला, असं लिहितेस. आणि वर लिहितेस, की आपल्या आईच्या उशीचीच आठवण झाली. ताई, अभ्रा काढून बघितला असतास तर!

ही म्हणाली, आईला काही सांगू नका. पण मला राहवलं नाही. पाठव म्हणून तुला लिहायचं की नको, हे ठरवणारा मी कोण? उशी तिची. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, दोनदा. कोण माणूस आहे, किती आजारी आहे, आता तो बरा होणार नाही, हेही सांगितलं. आईने शेजारच्या उशांवरून एकेक करून तळहात फिरवला. मला वाटलं, विसरली. मग तिने विचारलं, त्याला झोप लागते का? मी म्हटलं, लागते. तेव्हा तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो:

“मग ओढून घेऊ नका म्हणावं. त्याचं झालं की पाठवा. मी थांबते.”