मार्तंडचा अंगठा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी बर्वे आले. वाचनालयाचे चिटणीस दाराबाहेर चपला नीट जुळवून ठेवतात तेव्हा त्यांना काहीतरी फुकट हवं असतं. आज फारच नीट जुळवल्या.

पंधरा तारखेला 'मार्तंड-संध्या'. आपल्या सगळ्यांच्या लहानपणचा तो पिवळ्या पुठ्ठ्यातला गुप्तहेर आता वेबसिरीजमध्ये येतोय. नवा नायक मुंबईहून येणार. त्याआधी प्रश्नमंजूषा, आणि प्रश्न मी काढायचे.

"ताई, नाशकात तुमच्याइतका मार्तंड कुणी वाचलेला नाही."

खरं आहे. संस्कृत व्याकरणाच्या आत ठेवून वाचलाय. वडिलांना वाटे मुलीचं पाठांतर चाललंय. पाठांतरच चाललं होतं.

"फक्त एक," बर्वे जाताना म्हणाले, "प्रश्न काढा. वाद काढू नका."

आमचे श्री. म्हणतात, बातमीदारीतून वेळ कुठे आहे तुला? आहे. कुंभमेळ्याच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांची बातमी रोज तीच असते, जागा बदलून पुण्याच्या डेस्कला पाठवते.

गुरुवार, ६ नोव्हें.

अकरा प्रश्न झाले. मजा आली.

मा. पुस्तकात काय पितो? ताक. चित्रपटात कॉफी, दूरदर्शनच्या मालिकेत चहा, नव्या जाहिरातीत काहीतरी निळं.

मा.ला पुस्तकात टक्कल आहे. पडद्यावर एकालाही नाही. खून, दरोडा, विषप्रयोग सगळं चालतं, टक्कल चालत नाही.

मालिकेतला मा. अंगाने इतका भरलेला की पाठलाग म्हणजे चोर दमेपर्यंत याने जीपमध्ये बसून राहायचं. तेरा भाग तसेच काढले.

बारावा प्रश्न त्या लकबीचा. कॅमेऱ्याकडे पाठ, हात मागे, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. म्हणजे मा. विचार करतोय. शाळेत आम्ही सगळे करायचो. गंमत अशी की पुस्तकांत ही लकब कुठेही नाही. पहिल्या चित्रपटात आली ती आलीच. कुणी आणली? वेबसिरीजच्या कंपनीने पाठवलेल्या पुस्तिकेत आहे: 'नायकसाहेबांनी सखोल चिंतनातून साकारली.' पहिल्या चित्रपटातले नायकसाहेब. बर्व्यांनाही हेच उत्तर हवंय.

पण खालच्या मजल्यावरचे नाना गेली कित्येक वर्षं सांगतात की तो हात त्यांचा. नाना म्हणजे रामकुंडावरचे उपाध्ये, यजमानांची चौथी पिढी सांभाळून आता घरी बसलेले. सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी सांगतात. ऐकतं कुणी नाही. सून वृषाली म्हणते, "नाना, आमटी गार होतेय. तो सिनेमातला हात जरा इकडे आणा."

मीही हसतेच.

शनिवार, ८ नोव्हें.

जुना चित्रपट इंटरनेटवर कुणीतरी चढवलाय. प्रिंटवर पाऊस, पण हात दिसतो. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. श्री. दोनदा विचारून गेले, चोर अजून सापडला नाही का?

सापडलाय असं वाटतं.

पाठमोऱ्या दृश्यात अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरापासून निघतो. खाली, मग करंगळी मुळापासून वर, मग तीन बोटांची टोकं, मग तर्जनीवरून खाली मुळाशी. मधल्या बोटाची खालची दोन पेरं सोडतो. एकदाही चुकत नाही. ही मोजणी नव्हे, हा जप आहे! ती दोन पेरं म्हणजे मेरू, त्यावर अंगठा ठेवायचा नाही. माझी मुंज झाली नाही, पण भावाच्या मुंजीनंतर वडील त्याला शिकवायचे आणि तो रडायचा. शिकले मी.

शेवटच्या दृश्यात नायकसाहेब तोंड दाखवून तीच लकब करतात. अंगठा करंगळीपासून सरळ सगळ्या पेरांवरून, मेरूवरूनसुद्धा. मंडईत जुड्या मोजाव्यात तसा.

म्हणजे हात दोन.

एक गोष्ट मात्र समजली नाही. पाठमोऱ्या हातात दहा झाले की अंगठा तर्जनीच्या मुळाशी दोनदा टेकतो. हे मी कुठेच वाचलेलं नाही, वडिलांनीही सांगितलेलं नाही. खोड असेल. कुणाची?

रविवार, ९ नोव्हें.

नानांकडे गेले. काल पाहिलेलं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, नाना, पहिल्यापासून सांगा. त्यांनी आधी वृषालीकडे पाहिलं, मग दाराकडे. कुणी मुद्दाम विचारायची सवय राहिलेली नाही.

नायकसाहेबांनी पहिल्याच दिवशी मिसळ खाल्ली आणि धर्मशाळेत आडवे झाले. गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, कॅमेरा लागलेला, ऊन चाललेलं. दिग्दर्शक घाटावर त्यांच्या बांध्याची पाठ शोधत फिरला.

"बाविशीतला होतो. पाठ बघून पसंत केलं मला. लग्नातसुद्धा कुणी इतकं निरखलं नव्हतं."

"मग?"

"मग म्हणाला, विचार करतोयस असं दिसू दे. आता पाठीने विचार कसा करायचा हो? हात थरथरायला लागले. म्हटलं, गायत्री म्हणावी."

"बोटांवर?"

"मग कुठे? माळ घरी होती."

मी म्हटलं, दाखवा. उठले, खिडकीकडे तोंड केलं, हात मागे. अनामिका, करंगळी, टोकं, तर्जनी. मेरू सुटला. मुळाशी आला, आणि दोनदा टेकला.

मी कपबशी खाली ठेवली.

"हे दोनदा काय, नाना?"

"आमच्या आजोबांची खोड. घाटावर गोंगाट फार, मोजणी चुकते. दहा झाले की दोनदा टेकायचं. आमच्या घराबाहेर कुणी करत नाही."

वृषाली कपाटाशी उभी होती. आमटी सोडून नानांच्या हाताकडे बघत होती.

नाना म्हणाले, चित्रपट लागला तेव्हा बायकोला घेऊन गेले होते. हात आला तसं कोपराने ढोसलं. ती म्हणाली, इश्श, पाठी काय सगळ्यांना असतात. "तिलाही पटलं नाही शेवटपर्यंत. मला काही नको हो. कुणीतरी एकदा म्हणावं, हो, तुमचाच. मग गप्प बसतो."

मी म्हटलं, हो, तुमचाच.

गप्प बसले. चहा संपेपर्यंत. मग म्हणाले, "बर्व्यांना केव्हा सांगता?"

सोमवार, १० नोव्हें.

बर्व्यांना बाराव्याचं उत्तर कळवलं. तासाभरात फोन. चपला जुळवलेल्या नव्हत्या, आवाजावरून कळतं.

"ताई, घाटावर हजार माणसं जप करतात."

"दोनदा टेकणारा एक."

"कंपनीचा सगळा प्रचार त्या लकबीवर चाललाय. नवा नायक म्हणे तीन महिने शिकला."

"चुकीची शिकला."

"आपण तो प्रश्न गाळू."

"गाळा, पण मग सगळेच गाळा. माझे प्रश्न सुटे मिळत नाहीत."

वाद काढू नका म्हणाले होते. काढला नाही. होता तो उघडा केला.

बुधवार, १२ नोव्हें.

अपेक्षेप्रमाणे. 'आपल्या व्यस्ततेमुळे प्रश्नमंजूषेची जबाबदारी अन्यत्र सोपवली आहे.' मी व्यस्त आहे हे मला बर्व्यांकडून कळलं. माझे अकरा प्रश्न मात्र ठेवून घेतलेत, टकलाच्यासकट. बारावाही आहे, कंपनीच्या उत्तरासह.

जायचं नाही असं संध्याकाळपर्यंत ठरलं होतं. मग जिन्यात नाना भेटले. धोतर परटाकडे टाकायला निघाले होते. म्हणाले, "शनिवारी पुढच्या रांगेत बसू. ऐकायला कमी येतं."

ऐकायला त्यांना माझ्यापेक्षा बरं येतं.

श्री. म्हणाले, जा तू. घरी बसून माझ्याशी भांडशील त्यापेक्षा बरं.

शनिवार, १५ नोव्हें.

सभागृह भरलं होतं. नाना मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वृषाली. ती येणार हे मला माहीत नव्हतं, नानांनाही नसावं. धोतराला कडक इस्त्री. परटाची नव्हती, घरची होती.

नवा नायक चांगला आहे दिसायला. केस भरपूर. बोलला थोडं, हसला जास्त. बारावा प्रश्न आला तेव्हा मागच्या मोठ्या पडद्यावर जुन्या चित्रपटातला तो हात पुन्हा पुन्हा फिरत होता आणि बर्वे माइकवर, "आता ही लकब खुद्द आपल्या नायकाकडूनच!"

तो पाठमोरा झाला. अंगठा करंगळीपासून निघाला, सरळ, मधल्या बोटावरून खाली...

"मेरू ओलांडू नका!"

नाना उभे होते. यजमानाला घाटावर थांबवतात तो आवाज. माइकची गरज नव्हती.

नायक वळला. "काय म्हणाले?"

बर्वे: "आजोबा, प्रश्न नंतर घेऊ."

मागून कुणीतरी: "ओ आजोबा, बसा ना खाली, दिसत नाही!"

आणि वृषाली, जी इतकी वर्षं आमटी वाढत हसली ती वृषाली, मागे वळून: "का बसतील? तुम्ही उभे राहा, म्हणजे दिसेल! तो हात माझ्या सासऱ्यांचा आहे."

नाना दोन पावलं पुढे सरकले. तोंड मंचाकडे, पाठ सभागृहाकडे. हात मागे. अंगठा सुरू.

पडद्यावर एक हात, खाली एक. वर काळाभोर केसाळ, खाली सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या. वाट एकच. मुळाशी आले की दोघंही दोनदा टेकायचे. आधी पुढच्या रांगेला कळलं, मग तिच्या मागच्या. कुजबुज मागे मागे सरकत गेली. जो 'बसा ना' म्हणाला होता तो खरंच उभा राहून बघत होता.

बर्व्यांनी कळ दाबली. हात गेला. 'योग्य उत्तर: नायकसाहेब.' टाळ्या पडल्या. उत्तराला की नानांना, कळायला मार्ग नाही. मी वाजवल्या नाहीत. मी ओरडले, "चूक!" पन्नाशीनंतर सभागृहात ओरडल्याने घशाला काही होत नाही, नोंद करून ठेवते.

नायकाला बाजूच्या दाराने बाहेर नेलं. जाताना तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

रिक्षात नाना म्हणाले, "आवाज जरा मोठा झाला का?" वृषाली म्हणाली, "नाही."

सोमवार, १७ नोव्हें.

बातमी काल पाठवली होती. दोन हात, दोनदा टेकणं, सगळं. आज छापून आलं: 'एका ज्येष्ठ नागरिकाच्या व्यत्ययानंतरही कार्यक्रम उत्तरोत्तर रंगला.' खाली माझं नाव.

पुण्याला फोन केला. डेस्कवरचा म्हणाला, "मॅडम, रविवारी त्यांची पानभर जाहिरात आहे. समजून घ्या ना."

समजलं. म्हटलं, दुरुस्ती छापेपर्यंत माझ्याकडून खड्डेसुद्धा मिळणार नाहीत.

"खड्ड्यांचं काय करायचं मग आम्ही?"

"पानभर जाहिरातीत बसतात का बघा."

नानांना अंक दाखवला नाही. त्यांनी आधीच वाचला होता. 'ज्येष्ठ नागरिक' खाली पेन्सिलीने रेघ. म्हणाले, "पूर्वी नुसती पाठ होती. आता नागरिक झालो. प्रगती आहे."

हसले. पण पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं.

गुरुवार, २० नोव्हें.

दुपारी कंपनीचा फोन नानांना, मी तिथेच होते. नव्या नायकाने म्हणे हट्ट धरलाय, शिकेन तर त्या आजोबांकडूनच. आणि पुढच्या भागात जवळून हात दाखवायचा तेव्हा हात नानांचा घ्यायचा. गाडी पाठवतो. उद्याच.

नानांनी विचारलं, नाव येईल?

"सर, नावांत जागा फार कमी असते. बघू आपण."

"पहिल्यांदाही बघू म्हणाले होते," नाना म्हणाले. "साठ वर्षं बघतोय." मग त्यांनी सांगितलं कसं हवं ते. 'आभार' मध्ये नको, 'सहकार्य' मध्ये नको. 'मार्तंडचा हात' आणि समोर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फोनवरचा म्हणाला, वर विचारून संध्याकाळी कळवतो.

फोन ठेवला. मला म्हणाले, "जास्त मागितलं का हो? नाही म्हणाले तर हेही जाईल."

वृषाली स्वयंपाकघरातून: "जाऊ दे गेलं तर. बिननावाचं जायचं नाही."

संध्याकाळी खाली गेले. नाना गॅलरीत संध्येला बसलेले, डोळे मिटलेले. फोन वाजला. वृषाली तो घेऊन दारात आली, नंबर मला दाखवला. मुंबईचा.

"नाना, घेऊ?"

डोळे उघडले नाहीत. डावा तळवा किंचित वर झाला. थांब.

वाजून वाजून बंद पडला. आम्ही दोघी उंबऱ्याशी उभ्या. अंगठा तर्जनीवरून उतरला, मुळाशी आला. दोनदा टेकला. मेरू सोडून पुन्हा अनामिकेवर.

फोन परत वाजायला लागला. वृषालीने तो पदरात गुंडाळून धरला.

"वाजू दे," मी म्हटलं.