दोन इंचांची भवानीआई

मोहाली,
मे २००४

तीर्थस्वरूप दादास,

सुशांतचा नमस्कार, वाकून आणि तुझ्या गुडघ्याला हात न लावता. तो गुडघा आणि वहिनीचा दमा दोघेही सध्या गप्प असतील असं धरून चालतो. आमची वास्तुशांत काल पार पडली आणि आईने या घरात पाणी घेतलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. (मी आत्ता कुठे निवांत बसलोय.)

तिची अट तुला ठाऊकच आहे: कुलदेवीची पूजा झाल्याखेरीज धाकट्याच्या घरात पाण्याचा घोटही नाही. घरचे देव थोरल्याकडेच, ते हलायचे नाहीत. म्हणून आई निघायच्या आधीच तुझ्या लेकीने, कादंबरीने, देव्हाऱ्यातल्या देवीच्या टाकाचा फोटो काढून ई-मेलने धाडला. पोर गुणाची! इंटरनेटपायी तुमचा फोन तासभर अडकू नये म्हणून तिने तो बारीक करून पाठवला. इथे पडद्यावर भवानीआई अशी झळकली की आमच्या हिने, विनयाने, हातच जोडले. आलेल्या माणसांना लांबूनही दर्शन व्हावं म्हणून मी कागदभर छापायला घातली. प्रिंटर कण्हत कुंथत राहिला आणि बाहेर काय आलं? चौकोन! नुसते लाल-पिवळे चौकोन, दादा. डोळे कुठले आणि कुंकू कुठलं, काही पत्ता नाही. आणि आईची गाडी सकाळी यायची. आता आई बसते तहानलेली आणि मिळेल त्या गाडीने सांगलीला परत जाते, हेच मला दिसायला लागलं. तिने चार दिवस तरी माझ्याकडे राहावं म्हणून तर हे घर घेतलं ना रे!

शेजारचे ढिल्लोंसाहेब (बँकेतून निवृत्त, त्यामुळे सर्वज्ञ) धावून आले. त्यांच्या मते रेझोल्यूशनचा (इंचाला किती ठिपके, तो) आकडा वाढवला की काम पक्कं. बहात्तर होता, आम्ही सहाशे केला. चौकोन गेले खरे, पण देवीच्या तोंडाला कुणी साय फासल्यासारखं झालं. मग बाराशे केला, तर संगणकच झोपला. ढिल्लोंसाहेब 'बिजली दी प्रॉब्लेम है जी' म्हणत लस्सी पिऊन गेले.

विनया इतका वेळ पुरण वाटत होती. ती म्हणाली, पातेलं मोठं घेतलं म्हणून चार माणसांची आमटी चाळीस जणांना पुरते का हो? मग हात धुऊन हिशेबाला बसली. फोटोत आडवे ठिपके मुळात चारशेच. छपाई नितळ यायला इंचाला दोनशे तरी लागतात. म्हणजे देवी दोन इंचांची. आकडा वाढवून नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच ताणले जातात. तशी छापली आणि काय सांगू, कुंकवाची कड न् कड दिसायला लागली! पण चौरंगावर ठेवल्यावर ती नारळामागे दिसेचना. मी डोक्याला हात लावला.

आई आली. ओठ सुकलेले. फोटो उचलून अगदी डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, 'टाक एवढाच तर असतो. तुला काय नाटकाच्या बोर्डाएवढा हवा होता?' पूजा झाली आणि तिने पाणी मागितलं. खोटं कशाला सांगू, मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

वहिनीला नमस्कार, कादंबरीला खूप आशीर्वाद.

तुझा,
सुशांत

ता. क. वहिनी देवघरात टाक शोधून हैराण झाली असेल तर तिला थांबव. आज सकाळी आईने कमरेच्या पिशवीतून तो काढून आमच्या देव्हाऱ्यात ठेवला. सांगलीहून निघाल्यापासून तिच्याजवळच होता! मी ओरडलो, तर म्हणते, 'तू किती खटपट करतोस ते बघायचं होतं.'

आणखी एक. देव थोरल्याकडेच, मान्य. पण टाक जिथे, आई तिथे. सोबत दोन इंचांची भवानीआई पाठवतोय, ती तुमच्या देव्हाऱ्यात ठेव. टाक इथेच राहू दे ना रे, दादा.