चौथा सेल

९ जानेवारी १९८९

सुनंदा आज फार आठवली. भुसावळचं कॉन्व्हेंट, मधली सुट्टी, आम्ही दोघी शेवटच्या बाकावर टॉर्चच्या दिव्याला सेल जोडत बसलेल्या. एक, दोन, तीन — उजेड वाढत गेला. चौथा लावला आणि दिवा गेला! सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता हे जन्मभर लक्षात राहील."

राहिलं.

इथे नरडाण्याच्या आमच्या शाळेत मात्र दोनच दिवे, तेही कपाटात. मुलं लांबून बघतात. शाळेला मिळालेला संगणकही पांघरूण घेऊन बसलाय. महिनाअखेर मी निवृत्त. त्याआधी त्यावर असा प्रोग्रॅम लिहिणार, की प्रत्येक मुलाला सेल जोडता येतील — आणि दिवा फोडता येईल!

१४ जानेवारी

जमलं! कळ दाबली की पडद्यावर सेल वाढतो — हवा तर एकापुढे एक, हवा तर शेजारी. फार झाले की — फट्! कॅसेटवर उतरवून ठेवलाय.

१७ जानेवारी

पंचाईत. मुलं फक्त फोडतात! शिकत काहीच नाहीत. झाडायला आलेल्या आमच्या शिपाई द्रौपदाबाई म्हणाल्या, "बाई, एक डाव माले बी फोडू द्या ना!" सात फोडले. मग झाडू घेऊन हसत गेल्या.

जीवराम सर दारात. मुख्याध्यापकी आवाज. "बाई, हे विज्ञान की दिवाळी? सोमवारी साहेब तपासणीला येताहेत. मशीन परत नेतील. फोडायची सोय काढा."

१८ जानेवारी

नाही काढणार.

२३ जानेवारी

साहेबांनी नववीतल्या मंजूला उभं केलं. "चार सेल लावूनही दिवा वाचेल का गं?"

"वाचेल की. एकापुढे एक नाही, शेजारी-शेजारी लावायचे. मंद लागतो, पण जात नाही."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. सतरा दिवे फोडले तेव्हा कळलं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

साहेब इतके खूश, इतके खूश — की म्हणाले, "हे तर धुळ्याच्या मोठ्या शाळेतच हवं!"

२८ जानेवारी

जीप आली. संगणक गेला. जीवराम सर माझ्याकडे बघेनात. रडणार नाही. उद्या भुसावळला सुनंदाकडे जाऊन येते.

३१ जानेवारी

निरोपाची साडी सुनंदाला. प्रोग्रॅमची कॅसेट धुळ्याला, सोबत चिठ्ठी — फोडायची सोय काढू नये. भुसावळहून आणलेले चाळीस दिवे आणि सोळा सेल, खरेखुरे, मंजूच्या वर्गाला. कपाटाची किल्ली द्रौपदाबाईंना. पहिला दिवा त्यांनीच फोडायचा.