मागल्या पानावरचं कडवं

७ एप्रिल १९७३, शनिवार
वाचनालयात माझी ओवी वाचली. कागद असा फडफडत होता की माझ्या आवाजापेक्षा त्याचाच आवाज मोठा. शिंगणेबाई म्हणाल्या, "बरी जमली, पण ओवी इतकी घाबरून म्हणत नसतात हो." बाई रिटायर हेडमास्तरीण. दर शनिवारी मासिकातली एक गोष्ट वाचून दाखवतात आणि मग चिठ्ठ्या टाकतात: ओवी, अभंग, पाळणा, पोवाडा, फटका, असं काही. ज्याला जे निघेल त्याने त्या गोष्टीची तशी कविता पुढच्या शनिवारपर्यंत करायची. आम्ही सहा जण. पाच पेन्शनर, एक शिंपी. सगळ्यात कमी शिकलेला मी, चौथीतून मिलमध्ये गेलेला. दर शुक्रवारी ठरवतो की आता जायचं नाही.

आजची गोष्ट वाईट. मुलगी हळद लावून फलाटावर बसली आहे. वऱ्हाड रेल्वेने यायचं. गाडी येते, थांबते, जाते. कोणीच उतरत नाही. तिथंच गोष्ट संपते. आणि मला चिठ्ठी निघाली मंगलाष्टक! सगळे हसले. शिंपी म्हणतो, "नवरदेवच नाही आला, आता तुम्ही मंगलाष्टक कोणासाठी म्हणता गा, तुळशीरामजी?"
चिठ्ठी बदलून मागितली. बाई नाही म्हणाल्या. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१० एप्रिल, मंगळवार
मंगलाष्टकाच्या एका ओळीत अक्षरं एकोणीस, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, ते बांधलेलं. बाईंनी कागदावर खुणा काढून दिल्या, पण माझ्या डोक्यात राहीनात. शेवटी ताटात दाणे मांडले. दीर्घाला तूर, ऱ्हस्वाला मूग. तूर तूर तूर, मूग मूग तूर. एक अक्षर बोलायचं, एक दाणा सरकवायचा. हे मला लगेच समजलं. मिलमध्ये मागावर ताण्याचे धागे असेच मोजत होतो.
सौ. आली. "काहून जी, डाळ निवडून राहिले का खेळून राहिले?"
"कविता करून राहिलो."
"मग करा. पण तूर परत डब्यात टाका. मिसळली तर सायंकाळी तुमची कविताच शिजवीन."
दुपारपर्यंत एक ओळ झाली:
आला मांडव अंगणात फुलुनी, दारी उभा सोयरा
चारदा मोजली. बरोबर एकोणीस. पाचव्यांदा अठरा भरली, घाम फुटला. एक मूग ताटाखाली गेला होता.

१४ एप्रिल, शनिवार
तीन कडवी झाली. दोन आनंदाची, तिसरं गोष्टीच्या शेवटाचं. चालीवर म्हटली. पहिल्या दोनांना शिंप्याने अक्षता टाकल्यासारखा हात केला, सगळे खूष. तिसऱ्यात ती ओळ आली,
गेली थांबुन गाडि ही, उतरले नाही कुणी सोयरे
आणि शिंप्याचा हात खाली आला. मला वाटलं, चुकलो. बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "हे कडवं तुम्हाला कुठून सुचलं?"
गोष्टीतून, म्हणालो. इथे खरं लिहितो. लिहिताना शेजारची पुष्पी डोळ्यांपुढे होती. मागच्या साली साक्षगंध होऊन तिचं लग्न मोडलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यानंतर महिनाभर ती पोरगी आमच्या ओट्यावर आली नाही, आणि आम्हीही काय बोलावं म्हणून तिच्याशी बोललो नाही.

१६ एप्रिल, सोमवार
भलतंच झालं. सकाळी पहिली दोन कडवी मोठ्याने म्हणत होतो, तर पुष्पीचा बाप देवराव कुंपणावरून ऐकत उभा. हिंगण्याला कारखान्यात आहे, कंपनीची बस यायची होती, तरी आत आला. पुष्पीचं लग्न हुडकेश्वरच्या मुलाशी ठरलं, १३ मेला. "भाऊ, हेच मंगलाष्टक आमच्या पुष्पीले पाहिजे. छापून वाटू. नावं तेवढी टाका."
तिसऱ्या कडव्याच्या आधी थांबलो होतो, हे नशीब. गोष्ट कशाची, हे त्याला सांगणार होतो, पण त्याचा चेहरा इतका खुलला होता की नाही सांगितलं. आता दिवसभर वाटून राहिलं की मोडलेल्या लग्नाचं गाणं या पोरीच्या डोक्यावर म्हणायचं, हे बरं नाही.
सौ. म्हणते, "दोन कडव्यांत कुठं काय मोडलं? फूल आहे, मांडव आहे. द्या ना."
वर नावं टाकून वहीतलंच पान फाडून दिलं.

२७ एप्रिल, शुक्रवार
छापखान्यातून गठ्ठा आला. देवरावने कौतुकाने तसाच माझ्याकडे पाठवला, पहिला मान तुमचा म्हणून. गुलाबी कागद. वर गणपती, खाली दोघांची नावं, मग कडवी. एक. दोन. तीन.
तिसरं मागल्या पानावर लिहिलेलं होतं. पान फाडून देताना उलटून पाहिलं नाही. छापखान्यावाल्याने पाहिलं आणि इमानदारीने जोडून टाकलं. उतरले नाही कुणी सोयरे. गुलाबी कागदावर, पुष्पीच्या नावाखाली.
सौ.ने पाणी दिलं आणि कागद हातात घेऊन पाहिला. "अवो, शेवटीच आहे ना? मग खालून कापून टाकू. झालरीसारखं दिसन. कायले जीव टाकता?"
कात्री शोधायलाच अर्धा तास. माझ्याच उशाखाली होती. तिथे कशी, आठवत नाही.

२८ एप्रिल, शनिवार
सकाळपासून दोघं ओट्यावर कापत बसलो. ती सरळ कापते, माझं वाकडं होतं, ती माझं पुन्हा सरळ करते. कापून झालेल्या पट्ट्या सुपात ठेवत होतो. दहाच्या सुमारास गरम वारा सुटला आणि सुपातल्या पट्ट्या उडाल्या, सगळ्या देवरावच्या अंगणात. मी छत्री घेऊन मागे धावलो. छत्री कशाला घेतली कोण जाणे. एक पट्टी छत्रीने दाबली तर चार पुढे. निंबाच्या झाडात गुलाबी पट्ट्या, पाण्याच्या टाकीवर पट्ट्या. सौ. ओट्यावर हसून हसून बसलीच खाली.
मी टाकीवरची काढत होतो, मागून पुष्पी म्हणाली, "काकाजी." तिच्या मुठीत दहा-बारा पट्ट्या.
"बाई, चूक झाली. हे तुझ्यासाठी नव्हतं. एका गोष्टीवरून केलं होतं."
"मंग गोष्ट कोणाची आहे?"
सगळी सांगितली. हळद, गाडी, सगळं. उन्हात उभी राहून ऐकली. मग पट्टी वाचली. पुन्हा वाचली.
"मागच्या साली सारे गल्लीत कुजबुज करत, मी आली का गप. तोंडावर एक शब्द कोणी बोललं नाही. तुम्ही लिहिलं तरी." डोळे भरले होते आणि हसत होती. "हे कापून काहून राहिले?"
"लग्नात कसं म्हणायचं वं हे?"
"म्हणू नका. कापा. पण एक कागद साबूत ठेवा, मले पेटीत ठेवायचा आहे. अन् ते पोरगी मंग कुठं गेली?"
गोष्टीत नाही, म्हणालो.
"असं कसं? फलाटावर सारी जिंदगी थोडी बसली असन! तिचं चौथं कडवं करा. ते तुम्ही माझ्या लग्नात म्हणायचं. बामनानं नाही, तुम्ही."

५ मे, शनिवार
बाईंना विचारलं, बाई, कथेच्या पुढचं लिहिलेलं चालतं का? म्हणाल्या, "लेखकाला नाही चालणार. पण नवरीला पाहिजे ना?"
शिंप्याला पोवाडा निघाला आहे, तो माझ्याकडे तूर मागतो. पोवाड्याला दाणे लागत नाहीत म्हटलं तरी ऐकत नाही.

९ मे, बुधवार
एक ओळ आली:
आली चालत ती घरी, पदर तो खोचून कामा पुन्हा
मोजली. बरोबर. पण लग्नात काम कशाला, असं कोणी म्हटलं तर? सौ.ला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. थांबली. "बरोबर आहे," म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला ती असं म्हणाली नव्हती.
मांडवात दोन-तीनशे माणसं राहतील. घसा बसला तर?

१३ मे, रविवार, सकाळ
तीन ओळी झाल्या. चौथी नाही. पहाटे तीनदा आली, तीनदा गेली. एकदा ती मुलगी शिक्षिका होते, एकदा दुसरं लग्न करते, एकदा तर स्टेशनमास्तरालाच चार गोष्टी ऐकवते. कोणतीच तिची वाटत नाही.
घसा बसला आहे. लवंग तोंडात.
सौ. नवरीला नटवायला गेली होती, आता निरोप घेऊन आली. "पुष्पी म्हणते, काकाजीले सांगा, नाही जमली तर तीनच ओळी म्हणा. चौथी मी पाहून घेईन."
बँड लागला. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. निघतो.