मिटवलेलं आणि मिटलेलं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते, तेव्हा माझ्या डोक्याबद्दल कोणी शंका काढू नये.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गच्ची, थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला निम्मं निम्मं. थोरला कुरकुरेल. "मी सांगितलंच होतं" हे वाक्य त्याने नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकवलंय की कान किटले. तरी देते, आई आहे.

२. शिवणयंत्र धाकटीला. मोठी कात्री समोरच्या इस्त्रीवालीला. ती मागून नेते आणि परत करायला विसरते. आता खुशाल विसरावं.

३. माझी चूक. धाकटीने बेकरीसाठी कर्ज काढलं, त्यावर सहकर्जदार म्हणून माझी सही होती. बेकरी बुडाली, हप्ते थकले. वसुलीवाला दारात येऊन गोड बोलला, "मावशी, निम्मे भरा, बाकीचं मिटवून टाकू." मला वाटलं, भांडण मिटतं तसं हेही मिटेल. तिला न विचारता कानातलं विकलं, पैसे भरले आणि तडजोडीचं पत्र मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवलं. तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"आई, अगं हे मिटलं नाही. अर्ध्यात सोडलं, असा शिक्का बसतो दोघींच्या नावावर. आता मला कोण दारात उभं करणार?"

कोणीच केलं नाही. तिचा घरकर्जाचा अर्ज परत आला, त्याच आठवड्यात ती बॅग भरून परगावी गेली. महिन्याला एक फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. मी "ये ना" म्हणते, ती "बघू" म्हणते. फोन ठेवल्यावर घर खायला उठतं.

४. 'महिन्यात क्रेडिट स्कोअर धुऊन देतो' अशी जाहिरात करणाऱ्या टायवाल्याला काहीही नाही. त्याने आगाऊ पैसे घेतले आणि 'हे कर्ज आमचं नव्हेच' असं खोटं पत्र माझ्या नावाने बँकेला धाडलं. ते मी स्वतः जाऊन मागे घेतलं. लाज वाटली ती वेगळीच.

५. ग्रंथालयाच्या माडीवर फुकट सल्ला देणाऱ्या निवृत्त कारकुनांना छत्री द्यायची होती. पण साक्षीदाराने काही घेऊ नये, असं तेच म्हणतात. त्यांनी सांगितलं, आधी आपला पत-अहवाल मागवा, कर्ज कसं फेडलं ते त्यात असतं. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. खरी असेल तर ती कोणी पुसून देत नाही, उरलेलं फेडावं लागतं. वर म्हणाले, "बाई, पत उसवते पटकन, शिवायला वेळ लागतो." हे मला सांगतात! बँकेशी लेखी ठरवून सहा वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या आणि सुटलेली निम्मी रक्कम भरली. मागच्या महिन्यात दाखला आला. अहवालात आता 'पूर्ण फेड' आहे, दोघींच्याही.

६. हे धाकटीला फोनवर सांगितलेलं नाही. मागच्या वेळीही मीच 'मिटलं' म्हणाले होते. आता तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. दाखला यंत्राच्या खणात आहे, तिच्या निळ्या कोटाखाली. ती गेली तेव्हा तो अर्धवट राहिला.

७. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात म्हणे. बाकीच्यांनी तसंच करावं. धाकटीची प्रत मात्र आजच पोस्टात टाकावी. पोरी, कर्ज मिटलं, आता माझे डोळे मिटायच्या आत ये. कुलूप बदललेलं नाही, तुझी किल्ली चालते. कोटाच्या बाह्या लावायच्यात, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या मापावर मी कात्री चालवणार नाही.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
धाकटीची आई

साक्षीदार:
१. माडीवरचे निवृत्त कारकून
२. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर

ठिकाण: मागची खोली, यंत्राजवळ
दिनांक: ९ जानेवारी, तिच्या वाढदिवसाचा आदला दिवस